व्हॉल तापेपर्यंत

आमच्या भागात ‘व्हॉल’ म्हटलं की हल्ली माणसाला पाणीच आठवतं. टाकीचा व्हॉल, पाइपलाइनचा व्हॉल, ठिबकचा व्हॉल. ग्रामपंचायतीचा पाणी सोडणारा माणूस सायकलवरून दिसला की बायका हंडे घेऊन दारात येतात. मी कथिलाचे डाग द्यायला, म्हणजे सोल्डरिंग करायला, शिकलो तेव्हा मात्र व्हॉल म्हणजे काचेची नळी. रेडिओत आणि अँप्लिफायरमध्ये ती उभी असायची, बटण दाबलं की आतली तार हळूहळू तांबूस पेटायची, आणि मग गाणं यायचं. ती पेटताना बघत बसणं हाच माझा लहानपणापासूनचा नाद. त्या नादापायी मी मंचरला दुकान टाकलं.

दुकानाच्या पाटीवर अजून रेडिओ दुरुस्ती असंच लिहिलंय, पण आत येतात ते मिक्सर, चार्जर आणि मोटारीचे स्टार्टर. मिक्सर दुरुस्त करताना मला काडीचाही आनंद होत नाही, हे एकदा सांगून टाकतो. लोकांना वाटतं मी तुसडा आहे. मी तुसडा नाही, मला फक्त चटणीचा वास आलेली मशीन आवडत नाहीत.

काही वर्षांपूर्वी कार्तिकात निरगुडसरच्या पलीकडच्या एका वाडीवरून फोन आला. ‘भाऊ, आमच्या मारुतीच्या देवळातला व्हॉल गेलाय. काकड्याचा काला जवळ आलाय, उद्याच या.’ स्टार्टर बघायला गेलो की लोक जाता जाता नळाचंही काम गळ्यात मारतात, त्यामुळे मला काही वावगं वाटलं नाही. देवळामागे टाकी असेल, काल्याच्या जेवणाला पाणी नसेल, असं सगळं मी मनानेच ठरवलं. पिशवीत मोठा पाना, पांढरी टेप आणि दोन-चार वायसर टाकले आणि सकाळी गाडीला किक मारली. रस्त्याने पारगावच्या कारखान्याला निघालेले उसाचे ट्रॅक्टर, त्यांच्या मागे मागे धूळ खात मी वाडीवर पोचलो.

देवळात एक तिशीतला गडी वाट बघत होता. फोन त्यानेच केला होता. मी पाना बाहेर काढला आणि टाकी कुठे आहे विचारलं. तो म्हणाला, टाकी कशाला? मी म्हणालो, व्हॉल बदलायचाय ना? त्याने माझ्याकडे बघितलं, पान्याकडे बघितलं, आणि खांबाला धरून हसायला लागला. मग त्याने कोपऱ्यातलं गोणपाट ओढलं. खाली करड्या पत्र्याचा जुना अँप्लिफायर होता, आणि जाळीच्या आड माझे काचेचे व्हॉल धुळीने आंधळे होऊन उभे होते. ज्या माणसाचं आयुष्य या शब्दावर गेलं, त्यालाच तो शब्द कळला नव्हता. पण खरं सांगायचं तर मला लाज वाटायच्या आधी आनंद झाला. पाना मी गाडीच्या डिकीत लपवून आलो.

मग त्याने सगळी हकीकत सांगितली. तो बुवांचा पुतण्या. बुवा म्हणजे देवळाच्या पायरीवर आमच्याकडे पाठ करून बसलेले म्हातारे, डोक्याला पांढरी टोपी, पाठ अजून ताठ. कार्तिकात महिनाभर पहाटे काकडा असतो, आणि देवाला जागं करायची पहिली भूपाळी या वाडीवर बुवांनीच म्हणायची, हे पुतण्याच्या जन्माच्या आधीपासून चालत आलेलं. त्या वर्षी पुतण्याने आणि त्याच्या मित्रांनी उन्हाळाभर धावपळ करून देवळाला नवा साउंड सेट आणला होता. दोन मोठे बॉक्स, आवाजाचा मिक्सर, निळे दिवे. जुना डबा गोणपाटाखाली गेला. आणि नव्या सेटवर पहिल्याच पहाटे बुवांचा आवाज फाटला. दुसऱ्या दिवशी ठसका लागला. तिसऱ्या दिवशी सूर लागलाच नाही, आणि ते कोणीतरी मोबाइलवर घेऊन वाडीच्या ग्रुपवर टाकलं. देवळाच्या पंचांनी मग गोड बोलून सुचवलं की बुवांनी आता टाळ धरावा आणि भूपाळी पुतण्याने म्हणावी.

बुवा म्हणाले, आवाज माझा गेला नाही, हे यंत्र मला ओळखत नाही. त्यावर पंचांतलेच एक पोटसुटे गृहस्थ पाठीमागे म्हणाले, नाचता येईना अंगण वाकडं. ते बुवांच्या कानावर गेलं. कान त्यांचे चांगलेच तिखट होते.

पुतण्या हे सांगत असतानाच बुवा पायरीवरून उठून आमच्याजवळ आले. मला म्हणाले, ‘भाऊ, माझं ह्ये जुनं यंत्र नीट करा. ह्याच्यावर आवाज आला न्हाई, तर वीणा ह्या पोराच्या गळ्यात घालतो आन् पुन्यांदा माइकला हात लावत न्हाई. समद्यांसमोर बोललोय मी.’

पुतण्या खाली मान घालून उभा राहिला. त्याला भूपाळी नको होती, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. ज्या चुलत्याने पेटी शिकवली त्याच्याच गळ्यातली वीणा काढून घ्यायची वेळ कोणावर येऊ नये.

दुसऱ्या दिवशी मी नीट तयारीने गेलो. माझ्याकडचे चांगले व्हॉल मी बायकोच्या बांगड्यांच्या जुन्या खोक्यात, तिच्याच जुन्या लुगड्याच्या चिंध्यांत गुंडाळून ठेवतो. ती म्हणते, माझ्या बांगड्या तुम्ही एवढ्या जिवापाड कधी सांभाळल्या नाहीत. मी म्हणतो, बांगड्या बाजारात मिळतात.

देवळाच्या सभामंडपात सतरंजी टाकून मी डबा उघडला. आत उंदराचं घरटं, पालीची अंडी, आणि वर्षानुवर्षांचा बुक्का आणि उदबत्तीची राख. भोवती बघ्यांची ही गर्दी. ज्याला दुसरं काम नव्हतं तो प्रत्येक जण तंबाखू मळत सल्ला द्यायला हजर होता. एकाचं म्हणणं, वरून थाप मारा. आपल्याकडे रेडिओ, बैल आणि जावई या तिघांवर लोक एकच उपाय सांगतात. मी एक हात खिशात घालून दुसऱ्याने आत चाचपत होतो, तर कोणीतरी म्हणालं, पावणं लई ऐटीत काम करत्यात. मी म्हणालो, ऐट कसली? या डब्यात बंद केल्यावरही बराच वेळ वीज साठून राहते. दोन्ही हात आत असले तर झटका एका हातातून शिरून छातीतून दुसऱ्या हातात जातो. हे ऐकल्यावर सगळे सतरंजीवरून थोडे मागे सरकले आणि मला जरा हवा मिळाली.

पहिला दोष डोळ्यांनाच दिसला. चांगल्या व्हॉलच्या टाळूला आतून आरशासारखा चकचकीत डाग असतो. काचेला बारीक चीर गेली आणि हवा आत शिरली की तो दुधासारखा पांढरा पडतो. इथे एका छोट्या व्हॉलची टाळू पांढरीफट झाली होती. तो मेलेला, त्याला औषध नाही. खोक्यातला त्याच जातीचा काढून लावला.

मग बटण दाबलं. शेवटी दोन मोठे व्हॉल असतात, जोडीने काम करणारे. थोड्या वेळाने त्यातल्या डावीकडच्याच्या पोटातला पत्रा तापल्या तव्यासारखा लाल व्हायला लागला. मी पटकन बंद केलं. तोवर मंडपात निकाल लागला होता: डावा खराब, फेकून द्या. आता इथेच खरी मेख आहे. मी डावा काढून उजवीकडे बसवला आणि उजवा डावीकडे. आमच्या धंद्यात यापेक्षा मोठं शास्त्र नाही. व्हॉल हलवल्यावर दुखणं त्याच्याबरोबर गेलं तर दोष व्हॉलचा. दुखणं जागच्या जागीच राहिलं तर दोष जागेचा. पुन्हा बटण दाबलं, सगळे वाकून बघायला लागले. लाल झाला तो परत डावीकडचाच. म्हणजे मघापर्यंत जो उजवीकडे गप काम करत होता तो. आणि ज्याला फेकून द्यायला निघाले होते तो उजवीकडे शांत पेटला होता.

बुवांनी उजवीकडच्या व्हॉलकडे बोट दाखवलं. ते म्हणाले, ‘म्हंजे त्यो चांगला हाय.’

मी म्हणालो, चांगला आहे.

‘जागा वाईट व्हती.’

मी म्हणालो, हो, जागा वाईट. बुवांनी मान हलवली आणि सावकाश त्या पोटसुट्या गृहस्थांकडे बघितलं. ते तंबाखूची डबी शोधायला लागले.

डाव्या जागेच्या मागे एक छोटा कपॅसिटर होता, त्यातून नको ती वीज पाझरून व्हॉलवर येत होती. म्हणजे शेवटी गळतीच निघाली. पाना आणला होता ते अगदीच चुकलं नव्हतं, असं मी पुतण्याला म्हणालो तेव्हा तो पुन्हा खांबाला धरून हसला. कपॅसिटर बदलला, आवाजात घोंघावणं आणणारा मोठा कपॅसिटरही बदलला, सुटलेले डाग पुन्हा दिले. पुतण्या माइकवर हॅलो म्हणाला आणि भोंग्यातून असा भरदार आवाज निघाला की शिखरावरचे पारवे उडाले. मला अगदी पोटातून आनंद झाला. बुवांना म्हटलं, म्हणून बघा काहीतरी. ते म्हणाले, पहाटे बघू.

पहाटे मी निघालो तर बायकोही मागे बसली. म्हणाली, बांगड्यांच्या खोक्याचं काय झालं ते मला बघू दे. उसाच्या रस्त्याने अंधारात जायचं म्हणजे बिबट्याची धास्ती. तिने मोबाइलवर मोठ्याने भजन लावलं आणि सगळ्या शिवाराला ऐकवत आम्ही वाडीवर पोचलो. बिबट्या असलाच तर त्याचाही काकडा झाला असेल.

मंडप भरलेला होता. बुवांची परीक्षा बघायला एरवी न येणारेही आले होते. मी बटण दाबलं, तर काहीच होईना. नंतर ध्यानात आलं, शेतीची लाइट रात्रीची होती, शिवारात सगळ्यांच्या मोटारी चालू होत्या, त्यामुळे देवळात व्होल्टेज अगदीच कमी. व्हॉल तापायला एरवीपेक्षा जास्त वेळ लागणार होता. पोरं चुळबुळायला लागली. बुवा मात्र शांत होते. वीणा गळ्यात अडकवून ते खांबाशी बसले आणि नुसतेच गुणगुणायला लागले, शब्द नाही, तोंडही अर्धं मिटलेलं. त्यांच्या शेजारी त्यांची कारभारीण बसली होती. तिला सगळी वाडी काकू म्हणते, मीही तेच म्हणू लागलो. तिच्या हातात काकडा पेटत होता. दोन-तीन म्हाताऱ्यांनी हलकेच टाळ धरला. व्हॉल हळूहळू तांबूस झाले, भोंग्यातून आधी नुसता श्वास आला, मग वीणेची तार, आणि मग बुवा उठून माइकजवळ गेले.

ती भूपाळी कशी झाली हे मला सांगता येणार नाही. आवाज म्हातारा होता, पण कुठेही फाटला नाही, आणि वरच्या सुरावर तो असा उभा राहिला की मंडपातले टाळ काही क्षण थांबलेच. बायकोने माझा दंड घट्ट धरला. आणि उघडच सांगतो, त्या घडीला मला देवापेक्षा माझ्या व्हॉलचा जास्त अभिमान वाटत होता. आरती झाल्यावर ते पोटसुटे गृहस्थ पुढे आले आणि बुवांच्या पाया पडले. बुवांनी त्यांना उठवलं आणि त्यांच्या टोपीला लागलेला बुक्का झटकला.

मग चहा आला आणि मी सुटलो. व्हॉलचा आवाज कसा गोल असतो, नव्या मशीनचा कसा टोचतो, कशी त्याला माणसाच्या गळ्याची जाण नाही, असं मी लांबलचक सांगत बसलो. सगळे माना डोलवत होते. पुतण्या एकटा कोपऱ्यात कप विसळत होता. त्याच्या उन्हाळाभराच्या धावपळीवर मी पाणी ओततोय हे मला दिसत होतं, तरी मी थांबलो नाही. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं.

काकूंनी माझ्या कपात आणखी चहा ओतला आणि हळूच म्हणाल्या, ‘यंत्राचं काय न्हाई भाऊ. त्ये तापस्तवर ह्यांचा गळा तापतोय. नव्याला बटन दाबलं की लगीच बोलावं लागतं. थंडीचं उठल्या उठल्या कुनाचा आवाज निघतोय?’

मला आधी रागच आला. इतक्या कौतुकाचा चहा गोड लागत होता, त्यात ही बाई मीठ टाकत होती. गाडीवरून परत येताना मी बायकोला म्हणालो, त्यांना व्हॉलमधलं काय कळतं? बायको म्हणाली, व्हॉलमधलं नसेल, नवऱ्यातलं कळतं. पुढे उसाच्या ट्रॅक्टरमागे अडकलो होतो, त्यामुळे यावर विचार करायला भरपूर वेळ मिळाला.

विचार केला तसं ध्यानात आलं की मी माझ्याच शास्त्राला बट्टा लावला होता. व्हॉल जागेवरून हलवल्याशिवाय निकाल द्यायचा नाही, हे मीच सतरंजीवर बसून शिकवलं होतं, आणि बुवांना नव्या जागेवर परत बसवून न बघताच मी नव्या सेटला खराब ठरवलं होतं. आणखी एक गोष्ट होती. ते मोठे दोन व्हॉल थकलेले होते, आणि त्या जातीचे माझ्याकडे दुसरे नव्हते. ही जोडी गेली की बुवांची भूपाळीही गेली, असं व्हायला नको होतं.

काल्याच्या आदल्या दिवशी मी हे बुवांना स्पष्ट सांगितलं. नव्या सेटवर एकदा म्हणून बघा, पण आधी गुणगुणून घ्या. बुवा तयार होईनात. एकदा तोंड पोळलंय, म्हणाले, आणि काल्याला सगळा गाव असतो. पुन्हा फाटला तर लोक वीणा उतरवायलाच लावतील. त्यांचं खरंच होतं. मिळालेला मान त्यांनी माझ्या शास्त्रासाठी पणाला का लावावा? पुतण्याही म्हणाला, राहू द्या, जुन्यावरच म्हणा. निकाल शेवटी काकूंनी दिला. ‘बसा मुकाट्यानं नव्यावर. मी हात वर करीन तवाच त्वांड उघडायचं. तवर कुनी काय बी म्हनू द्या.’

काल्याच्या पहाटे नव्या सेटचे निळे दिवे लागले. माइक उघडा, बॉक्स तयार, सगळा गाव बसलेला, आणि माइकसमोर कोणीच नाही. पुतण्या मिक्सरवर हात ठेवून काकूंकडे बघत होता. बुवा खांबाशी गुणगुणत होते. मागून एकाने विचारलं, अडलंय काय? काकूंनी वळूनसुद्धा बघितलं नाही. माझा जीव नुसता टांगणीला लागला होता, आणि गंमत अशी की आपलं म्हणणं खोटं ठरावं म्हणून मी देवाला हात जोडून बसलो होतो. बऱ्याच वेळाने काकूंचा हात मांडीवरून उठला.

आवाज आला. जुन्या डब्यापेक्षा स्वच्छ आला, हे मला कबूल करावं लागतं. शब्दांच्या मधला बारीक श्वाससुद्धा ऐकू येत होता, आणि वरच्या सुरावर बुवांनी एक अशी वळणदार जागा घेतली की जुन्या भोंग्यात ती कधी कळलीच नसती. पुतण्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि एका हाताने तो मिक्सर सांभाळत होता. माझा व्हॉल हरला आणि मी टाळ्या पिटत होतो. काला खाताना बुवांनी स्वतःच्या हाताने मला दह्याचा घास दिला आणि म्हणाले, जागा चांगली हाय की राव.

आता दर कार्तिकात आम्ही दोघं एकदा तरी त्या वाडीवर जातो. जुना अँप्लिफायर गाभाऱ्याशेजारच्या कोनाड्यात आहे. मी तो पुसतो, एकदा पेटवून बघतो आणि बंद करतो. गेल्या वर्षी वाडीवरचा एक नवा जावई काकड्याला आला होता. निळे दिवे लागलेले, सगळे बसलेले आणि माइक रिकामा, हे बघून त्याला राहवेना. त्याने पुतण्याला विचारलं, चालू का करत नाही?

पुतण्या हळू आवाजात म्हणाला, ‘थांबा पावणं. व्हॉल तापतोय.’

त्या सेटमध्ये एकही व्हॉल नाही हे मंडपातल्या पोरासोरांनाही ठाऊक होतं, पण कोणी हसलं नाही. जावई मुकाट्याने मांडी घालून बसला. बुवा डोळे मिटून गुणगुणत होते, आणि काकूंचा हात अजून मांडीवरच होता.